विणकामाचे तास कोण मोजणार?

थंडीची चाहूल लागली की घराघरांतून सुया बाहेर निघतात. कुणाच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं असतं, कुणाच्या नातवाचं पहिलं बोरनहाण असतं. सुयांबरोबर कपाटातली ती पिशवीही निघते. त्यात गेल्या वर्षी विणायला घेतलेली अर्धी पाठ, सुई तशीच अडकवलेली. टाके किती घातले होते, मुंढा कुठून घटवायचा होता, ही लोकर कुठल्या दुकानातली... काही म्हणता काही आठवत नाही. अशी एक तरी पिशवी प्रत्येक विणणाऱ्या बाईकडे असतेच!

यावर हल्ली मोबाइलमध्ये एक सोय झाली आहे. विणकामाची नोंद ठेवणारी ॲप्स मिळतात, त्यातली बरीच फुकट. हे आमच्या मंडळात सांगितलं तर बायका हसल्या. "विणायला बोटं लागतात, मोबाइल कशाला?" प्रश्न रास्त आहे. ॲप एक टाकाही विणून देत नाही. पण आपण जे विणतो ते लक्षात ठेवतं. प्रत्येक विणीचं एक वेगळं पान करायचं. त्यात फोटो, सुईचा नंबर, टाक्यांची संख्या, कोणासाठी विणतोय त्याच्या छातीचं आणि बाहीचं माप लिहायचं. ओळ संपली की पडद्यावर बोट टेकवायचं, आकडा एकने पुढे जातो. मध्येच दूध उतू गेलं, दाराची बेल वाजली, तरी "कितवी ओळ गं बाई?" असं म्हणायची वेळ येत नाही.

परदेशातल्या विणणाऱ्या बायकांनी ही शिस्त केव्हाच लावून घेतली आहे. अमेरिकेत २००७ साली जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स यांनी 'रॅव्हलरी' नावाची वेबसाइट सुरू केली. तिथे आपल्याकडची लोकर, सुया, सुरू असलेली आणि पुढे करायची कामं, सगळं टिपून ठेवता येतं. तिथल्या नमुन्यांवरून विणणार असाल तर एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या सुयांवर बऱ्याचदा जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर अमेरिकन ८ नंबरची ५ मिलिमीटरची. म्हणून नोंद मिलिमीटरमध्येच करावी. तसंच लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. त्यावर रंगाच्या नंबराबरोबर 'लॉट' नंबरही असतो. लॉट वेगळा आला तर त्याच रंगाची बाही पाठीपेक्षा उजळ दिसू शकते. आणि सुरुवातीला छोटा चौकोन विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात तेही लिहावं. २२ टाके बसत असतील तर ४० सेंटिमीटर रुंदीला ८८ टाके. हिशेब एकदाच करायचा, पुढच्या वेळी तयार!

या सगळ्या सोयी झाल्या. पण मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच, आणि नेमकी तीच आपण वापरत नाही. काही ॲप्समध्ये घड्याळ असतं. विणायला बसताना सुरू करायचं, उठताना बंद.

मी एका बाळंतविड्यासाठी ते लावून पाहिलं. कोट, टोपडं आणि मोजे. लोकर दीडशे ग्रॅम, वेळ २६ तास ४० मिनिटं! चारशे रुपये मजुरी धरली तर तासाला पडतात पंधरा रुपये. आणि आपल्याला चारशे तरी कोण देतं? "काकू, लोकरीचे पैसे घ्या हं," असं अगदी प्रेमाने सांगितलं जातं. मजुरीचा विषय काढलाच तर, "तुम्ही तर टीव्ही बघता बघता विणता, त्याचे कसले पैसे?" यावर आजवर आपल्याकडे उत्तर नव्हतं, कारण आकडाच नव्हता. 'बसल्या बसल्या केलं' असं आपणच म्हणत आलो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. म्हणजे या पावणेपाच तासांतून उरलेल्या वेळात आपण विणतो. तो वेळ रिकामा कसा म्हणायचा?

काहीजणी म्हणतील, असं घड्याळ लावून विणलं तर माया कुठे उरली? नातवाच्या स्वेटरचे काय पैसे मागायचे? मुळीच मागू नका. भेट द्यायची ती आनंदानेच द्यावी. पण आपण काय देतोय, हे देणारीला तरी ठाऊक असावं. आणि ज्या बायका चार पैसे मिळावेत म्हणून विणतात, त्यांना तर याची फारच गरज आहे. एकीने फुकटात विणून दिलं की दुसरीचा भाव पडतो, हेही आपण विसरतो. तास ठाऊक असले की भाव सांगताना जीभ अडखळत नाही.

मोबाइल घरात सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर शंभर पानी वही आणि भिंतीवरचं घड्याळही पुरे. ॲप घेतलंच तर ते पैसे केव्हा मागतं ते आधी बघा, आणि महत्त्वाची मापं वहीतही उतरवून ठेवा. मोबाइल पाण्यात पडला तर मापंही त्याच्याबरोबर जायची.

किराणा, दूध, पेपर, भिशी, सगळ्यांचे हिशेब आपण चोख ठेवतो. तेव्हा मैत्रिणींनो, या हिवाळ्यात नवी वीण घालाल तेव्हा पहिल्या ओळीआधी वेळ टिपून ठेवा. आणि कोणी "किती झाले?" असं विचारलं, तर लोकरीच्या आकड्याखाली तासांचाही आकडा लिहून द्या. पुढचा निर्णय तुमचा!