प्रार्थना करा, पण औषध सोडूं नका

वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेंत मेणाचे हात, पाय वाहणारीं माणसें आमच्या वाचकांनीं पाहिलीं असतील. कित्येकांनीं स्वतः वाहिलेही असतील, कारण तेथें हिंदूंचीही दाटी असते. या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. दुखण्यानें गांजलेला मनुष्य देवाला हांक मारणारच. आमचा आक्षेप आहे तो मंडप घालून, ध्वनिक्षेपक लावून, ‘तुझा रोग गेला, आतां गोळ्या टाकून दे’ असें सांगणाऱ्यांवर.

क्षयाचेंच घ्या. आजची चिकित्सा साधारण सहा महिन्यांची. पहिल्या एकदोन महिन्यांतच खोकला उतरतो, भूक लागते, अंग धरूं लागतें. रोगी म्हणतो, मी बरा झालों. जंतु मात्र फुप्फुसांत दडलेले असतात. अशा वेळीं गोळ्या सोडल्या म्हणजे रोग उलटतो, उरलेले जंतु त्या औषधांस दाद देईनासे होण्याची भीति असते, आणि घरांतील मुलाबाळांसही त्याची बाधा पोंचते. तोंपर्यंत मंडपवाल्यांचा मुक्काम पुढच्या गांवीं हललेला असतो!

कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्मांत चमत्कार आहेतच. आहेत; परंतु पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि पौलाच्या नांवच्या पत्रांतच तीमथ्याला पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें आहे. फ्रान्सांतील लूर्द येथें १८५८ पासून रोग्यांची रीघ लागलेली आहे. १८८३ पासून तेथें डॉक्टरांची कचेरी बसते. बरें झाल्याचे दावे सात हजारांवर गेले; २०१८ पर्यंत चर्चनें चमत्कार म्हणून मान्य केले अवघे ७०. औषधानें गुण आलेला रोगी तेथें या हिशेबांत धरीतच नाहींत. ज्या धर्मांत इतकें चोख खातें ठेवणारे लोक आहेत, त्याच्या नांवावर आमच्याकडे ही उधळपट्टी कां चालावी?

मिरजेचें उदाहरण तर घरचेंच. डॉ. वानलेस १८८९ सालीं मिशनरी म्हणून आले; १८९४ मध्यें मिरजेस त्यांचें रुग्णालय उभें राहिलें. त्यांच्या धर्मप्रसाराविषयीं कोणाचें कांहींही मत असो, मोतीबिंदु त्यांनीं शस्त्रानेंच काढला, आणि येथील तरुणांस ती विद्या शिकविली.

भोंदू केवळ ख्रिस्ती मंडपांतच आहेत असें नव्हे. गंडेदोरे देणारे प्रत्येक आळींत सांपडतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखणें हा गुन्हा ठरविला. क्षयरोग्याच्या हातून गोळ्या सोडविणारासही तितक्याच स्पष्ट शब्दांत तो कां लागूं नये, याचें उत्तर विधिमंडळाच्या सभासदांनीं द्यावें.