पदक कशासाठी मिळालं?

कर्नल संतोष महाडिक हे नाव सातारा जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. सातारा तालुक्यातलं पोगरवाडी हे त्यांचं गाव. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधल्या कुपवाडा जिल्ह्यात दहशतवाद्यांशी लढताना ते गेले, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांना शौर्यासाठी सेना मेडल मिळालं होतं ते त्याआधी बारा वर्षं, २००३ मध्ये, ईशान्य भारतातल्या ‘ऑपरेशन ऱ्हायनो’मधल्या कामगिरीबद्दल. ते पदक छातीवर लावून हा माणूस आपल्यात वावरला, सुट्टीला गावी आला, पुन्हा कामावर गेला. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्याबद्दल त्यांना विचारलं असेल?

मला हे फार लागतं. आपल्याकडे सैनिकाच्या मरणाची आठवण जपली जाते, त्याच्या कामाची जपली जात नाही. गावाच्या वेशीवर कमान उभी राहते, चौकाला नाव दिलं जातं, दरवर्षी पुष्पचक्र वाहिलं जातं. नाव असतं, हुद्दा असतो, तारीख असते. त्या दिवशी त्या माणसाने नेमकं काय केलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

महाडिकांचं काम पाहिलं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ते सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. ही शाळा २३ जून १९६१ ला सुरू झाली, देशातली पहिली सैनिक शाळा म्हणून तिची ओळख आहे. पुढे ते २१ पॅरा या विशेष दलात अधिकारी झाले. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. शेवटची जबाबदारी होती ४१ राष्ट्रीय रायफल्सच्या कमांडिंग ऑफिसरची, आणि त्या बटालियनचं नातंही मराठा लाइट इन्फन्ट्रीशीच. कुपवाड्यातल्या तरुणांना खेळाकडे आणि रोजगाराकडे वळवण्याची त्यांची धडपड होती. तिथल्या लोकांनाही ते गेल्याचं दुःख झालं, ते त्यामुळेच.

नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यातल्या हाजी नाक्याच्या जंगलात काही दिवस दहशतवाद्यांचा शोध चालू होता. कमांडिंग ऑफिसर म्हणजे शेकडो जवानांचा प्रमुख. त्याने मागे राहून हुकूम दिले असते तरी त्याला कुणी नावं ठेवली नसती. महाडिक स्वतः पुढे होते. गोळ्या लागल्या तेव्हा त्यांचं वय अवघं अडतीस. २६ जानेवारी २०१६ ला त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण भाषणांमध्ये वीरचक्र आणि शौर्यचक्र यांची सर्रास गल्लत होते. परमवीर, महावीर आणि वीर ही तीन चक्रं शत्रूसमोर लढताना दाखवलेल्या शौर्यासाठी. २६ जानेवारी १९५० ला ती स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. अशोक, कीर्ती आणि शौर्य ही चक्रं त्याखेरीजच्या शौर्यासाठी, १९५२ पासूनची. काश्मीरच्या जंगलातली चकमक कितीही भीषण असली तरी ते युद्ध नव्हतं, म्हणून महाडिकांच्या नावापुढे शौर्यचक्र आहे. गोळी मात्र दोन्हीकडे सारखीच लागते.

युद्धातलं पदक पाहायचं तर सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीला जावं लागतं. द्राक्षबागांचं गाव. तिथला पांडुरंग साळुंखे १५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत साधा शिपाई होता, विशीतला पोर. डिसेंबर १९७१ मध्ये अमृतसरच्या बाजूला, सरहद्दीवरचं बुर्ज हे ठाणं शत्रूकडून परत घ्यायचं होतं. हल्ला चालू असताना शत्रूच्या एका सैनिकाच्या हातात रॉकेट लाँचर होता. आपल्या माणसांना त्याचा किती धोका आहे हे पांडुरंगने ओळखलं. तो सरळ त्याच्यावर धावून गेला आणि लाँचर त्याच्या हातातून हिसकावून घेतला. त्यात गोळ्या लागून तो जागीच गेला. सरकारने त्याला मरणोत्तर महावीरचक्र दिलं. युद्धातल्या शौर्यपदकांमध्ये परमवीरचक्राच्या खालोखाल मानाचं. अधिकाऱ्याचा हुद्दा नाही, लांबलचक नोकरी नाही, पाठीशी ओळखपाळख नाही. क्षणभराच्या त्या कृतीपुढे सगळी फौज उभी राहून सलाम करते.

या दोन जिल्ह्यांत असं घडतं, त्याला मोठी परंपरा आहे. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. त्यांतला कोण कुठे, कसा लढला, हे सांगणारं आज गावात कोण उरलं असेल? शंभर वर्षांत माणसांचा आकडा होतो. महाडिकांचं, साळुंख्यांचं तसं होऊ नये एवढंच मला वाटतं.

महाडिकांच्या पत्नी स्वाती यांनी मात्र आठवण कशी जपायची ते दाखवून दिलं. पती गेल्यावर सैन्यात जायचं त्यांनी ठरवलं. वयाची अट आड येत होती, ती शिथिल झाली. निवड मंडळाची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतलं खडतर शिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये रुजू झाल्या. दोन लेकरांची आई असताना.

प्रत्येक पदकाबरोबर सैन्य एक मजकूर लिहितं, फौजी त्याला सायटेशन म्हणतात. दहा-पंधरा ओळींचा, कोरडा, पण त्यात सगळं असतं: ठिकाण, तारीख, वेळ, समोर काय होतं आणि या माणसाने काय केलं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक पदकविजेत्याचा हा मजकूर सोप्या मराठीत करून त्याच्या गावच्या स्मारकावर कोरावा, जो हयात आहे त्याचा गावच्या शाळेत लावावा. दोन्ही जिल्ह्यांच्या सैनिक कल्याण कार्यालयांनी मनावर घेतलं तर हे जड नाही. खर्च एका पाटीचा आहे. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर तो मजकूर शाळेतल्या मुलानेच मोठ्याने वाचावा. मणेराजुरीच्या सातवीतल्या पोराला पंजाबच्या नकाशावर बुर्ज कुठे आहे ते दाखवता आलं पाहिजे.