दानाचा कट्टा आणि राहिलेली मजुरी



तुरीच्या राशी आता संपत आल्या. भालकी, औराद, आळंद भागात आपल्या मंडळ्यांत हंगामाच्या दानाचा रविवार जवळ आला. गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या हातून काय झालं, ते आधी सांगतो.

दानासाठी मी तुरीचा एक कट्टा बाजूला काढला होता. घरच्यांनी तूर दोनदा चाळली, खडा-माती निवडली, किडका दाणा राहू दिला नाही. देवाला द्यायचं ते शुद्ध असावं, ही आमच्या घरची रीत. मी कट्ट्याचं तोंड शिवत बसलो होतो, तेवढ्यात कापणीला आलेली बाई दारात उभी राहिली. "काका, हिशोब कधी करताय?"

कापणी होऊन महिना झाला होता. आडतीतनं पट्टी आली की देतो, असं मी तिला तिसऱ्यांदा सांगितलं. तूर तर मी विकलीच नव्हती. भाव चढेल म्हणून घरात ठेवली होती, आणि रोकड बोअरसाठी राखली होती. ती काही न बोलता गेली. मी सुतळी ओढून गाठ मारली.

पवित्र व्हा, ही आज्ञा आपण लेवीय १९ मधून पुष्कळदा ऐकतो. पण तो अध्याय पुढं कुठं जातो बघा. शेताचे कोपरे गरिबासाठी सोडा, खोटं बोलू नका, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका, वजनमाप खरं असू द्या. पावित्र्य म्हणून देवानं जे सांगितलं, त्यातलं किती तरी शेतात, खळ्यावर आणि काट्यावर घडणारं आहे. आपण मात्र ते दारू, सिनेमा, उपवास आणि रविवारच्या पांढऱ्या कपड्यांपुरतं ठेवलंय. (दारू सोडली ते चांगलंच झालं, मी स्वतः सोडलीय.)

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त त्यांच्या वडिलांचं सोवळं वाचताना हसू येतं. घरात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला पाणी दाखवावं लागे, आणि त्यात घरच्या बायकांचे हाल होत. आपण सोवळं टाकलेले लोक, असं आपल्याला वाटतं. पण दोनदा चाळलेला माझा कट्टा वेगळा काय होता? बसवण्णांनी तर इथंच, कल्याणात, बाराव्या शतकात सांगून ठेवलं की चोरी न करणं, खोटं न बोलणं हीच आतली आणि बाहेरची शुद्धी. शेजारच्यांना ठाऊक असलेली गोष्ट मी माझ्या बायबलात असून विसरलो.

शनिवारी रात्री मत्तय ५:२३-२४ समोर आलं. दान वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. सकाळी भक्तीला जायच्या आधी पैसे घेऊन तिच्या घरी गेलो. पट्टीची गोष्ट खोटी होती, हेही सांगितलं. तिनं नोटा मोजल्या आणि विचारलं, "आणि त्या दोन दिवसांचं?" मळणीचं मशीन आलं नाही म्हणून दोन दिवस बायका खळ्यावर नुसत्या बसून होत्या. माझ्या वहीत ते दिवस नव्हतेच. तेही दिले, पण मनातनं कुरकुरत दिले, हे कबूल करतो.

यंदा आमच्या कमिटीत मी एक सूचना मांडली. दानाच्या रविवारआधी शनिवारी सगळ्या शेतकरी घरांनी मजुरांचा हिशोब चुकता करावा, आणि पाळकसाहेबांनी तसं भक्तीत जाहीर करावं. एक वडीलधारे म्हणाले, घरचा व्यवहार देवळात कशाला? दुसऱ्यांनी विचारलं, ज्यांचे पैसे आडतीत अडकलेत त्यांनी काय करावं? हा प्रश्न खरा आहे. अशांनी निदान मजुराकडं जाऊन खरी तारीख सांगावी, एवढंच मला सुचलं. आपल्यातली निम्मी घरं तर स्वतःच दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात; ती माणसं बैठकीत गप्प बसून होती.

विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. दानाचा रविवार तीन आठवड्यांवर आहे. तुमच्या मंडळीत असं काही करत असतील, तर कसं करतात ते या पानावर जरूर लिहा. मला ते बैठकीत वाचून दाखवायचंय.