कण्णूरचा धडा

छोटे उद्योग बदलत्या काळाशी जुळवून घेऊ शकत नाहीत, याचे खापर बहुधा कामगारांवर फोडले जाते. भांडवल तुटपुंजे, तंत्र जुने आणि त्यात संघटित कामगार अडेलतट्टू, असे हे ठराविक निदान आहे. केरळमधील विडी उद्योगाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

१९६६ साली संसदेने विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा केला. केरळ सरकार त्याची अंमलबजावणी करणार हे दिसताच मंगळूरच्या बड्या मालकांनी १९६८ मध्ये कण्णूर भागातील कारखाने बंद केले. सुमारे बारा हजार कामगार रस्त्यावर आले. बदल पेलण्याची पहिली कसोटी मालकवर्गाची होती, आणि तीत तो उतरला नाही. विड्या नापास करून मजुरी कापायची नि कंत्राटदारामार्फत हुकूम सोडायचे, एवढेच ज्याला ठाऊक, त्याला रजा म्हणजे संकटच वाटणार!

१९६९ मध्ये कामगारांनी ‘दिनेश’ विडीची सहकारी सोसायटी उभारली आणि तोच कायदा अमलात आणूनही ती वाढत गेली. याचे रहस्य केवळ सरकारी मदतीत शोधणे अपुरे ठरेल. तेथील कामाच्या जागी जुनी प्रथा होती: एकाने वर्तमानपत्र वा कादंबरी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी विड्या वळता वळता ऐकायचे आणि वाचणाऱ्याची मजुरी सर्वांनी मिळून भरून काढायची. ऐकलेल्यावर तेथेच वाद होत. असा कामगार संचालक निवडून देतो तेव्हा हिशेबही विचारतो.

पुढे तंबाखूविरोधी जाणीव वाढली. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली, २००३ मध्ये केंद्राचा कायदा आला. कमी मजुरीच्या प्रदेशांतील स्वस्त विड्यांची स्पर्धा होतीच. सोसायटीने मसाले, नारळाचे दूध, छत्र्या, तयार कपडे, इतकेच नव्हे तर संगणक सेवा यांकडेही मोर्चा वळवला. तथापि भाबडेपणा नको. पान कातरण्यात आयुष्य घालवलेल्या बोटांना सरसकट दुसरे काम मिळाले नाही. नव्या विभागांत विडीइतके हात सामावणे शक्यच नव्हते. कामगारांची संख्या फार घटली. पण पडझडीचा सारा भार एका रात्रीत त्यांच्या डोक्यावर टाकून कोणी पळून गेले नाही.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. पान-तंबाखू घरी न्यायची, विड्या वळून कारखान्यात मोजून द्यायच्या. म्हणजे दिवसभर शेजारी बसून बोलण्याची जागाच नाही. उद्या धंदा बदलायचा ठरला, तर त्यांचे मत कोण आणि कोठे विचारणार? पर्यायी रोजगाराच्या योजना आखणाऱ्यांनी शिलाई यंत्रांची संख्या ठरवण्याआधी या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.