पंक्चरचे ठिगळ आणि मूत्रपिंडाची जखम

सायकलच्या ट्यूबला पंक्चर झाले की दुकानदार काय करतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. तो आधी ट्यूबमधील उरलीसुरली हवा सोडून देतो, जागा कोरडी पुसतो, घासतो, सोल्यूशन लावून थोडा थांबतो आणि मगच ठिगळ दाबून बसवतो. हवा फुसफुसत असताना वरून सोल्यूशन ओतण्याचा वेडेपणा तो कधीच करीत नाही.

शस्त्रक्रियेत रक्त थांबविणाऱ्या 'डिंका'विषयी लोक बोलू लागले की मला हा दुकानदार आठवतो. 'आता टाके नकोत, डिंक लावला की झाले!' असे चांगली शिकलेली माणसेही म्हणतात. मी डॉक्टर नव्हे, पदार्थविज्ञान शिकवतो. पण दाब हा आमच्याच विषयातला, म्हणून बोलण्याचे धाडस करतो. डिंक उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु जे श्रेय टाक्यांना, चिमट्याला आणि घड्याळाला मिळायला हवे, ते आपण डिंकाला देऊन बसलो आहोत.

या सगळ्याची खरी कसोटी मूत्रपिंडावर लागते. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते आणि त्यातील एक लिटरहून अधिक रक्त केवळ दोन मूत्रपिंडांतून जाते. अशा अवयवाला सुरी लावायची म्हणजे वाहत्या नळाचा पाइप कापण्यासारखेच. म्हणून मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ आढळली की पूर्वी सबंध मूत्रपिंडच काढून टाकीत. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सायमन यांनी १८६९ मध्ये सबंध मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया केली. त्याच गावी १८८७ मध्ये व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी गाठ तेवढी काढून उरलेले मूत्रपिंड राखले. तरीही ही पद्धत रुळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. आज चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी शक्य तेथे हीच पद्धत पसंत केली जाते.

'एक गेले तर काय झाले, दुसरे आहेच की!' असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. मूत्रपिंडदान करणारी माणसे एका मूत्रपिंडावर चांगली जगतात, हे खरेच आहे. पण ती आधी नीट तपासून निवडलेली असतात. ज्याला पुढे मधुमेह होईल, मुतखडा होईल किंवा शेतात घोणस चावेल, त्याचे काय? घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको.

मूत्रपिंड राखताना शल्यविशारद दुकानदाराप्रमाणेच आधी 'हवा सोडतो', म्हणजे मूत्रपिंडाच्या रोहिणीला चिमटा लावतो. त्या क्षणापासून घड्याळ चालू होते. रक्ताविना मूत्रपिंडाच्या पेशी गुदमरू लागतात. साधारणपणे वीस ते तीस मिनिटांच्या आत काम उरकावे लागते. बर्फाचा चुरा भोवती ठेवला तर पेशींची प्राणवायूची गरज घटते आणि मुदत वाढते. एवढ्या वेळात गाठ कापायची, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आणि मूत्राच्या नलिका शिवायच्या, जखमेच्या कडा जवळ आणायच्या. डिंक येतो तो याच्या जोडीला.

हा डिंक आपल्या रक्ताचाच नातेवाईक. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. जखम झाली की थ्रॉम्बिन हे विकर त्याचे फायब्रिनच्या तंतूंत रूपांतर करते आणि त्या जाळ्यात रक्तकणिका अडकून गुठळी होते. डिंकाच्या दोन पिचकाऱ्यांत हीच दोन द्रव्ये वेगवेगळी ठेवतात. जखमेवर एकत्र येताच त्यांचे जाळे विणले जाते. घोणशीचे विष हीच क्रिया नको तेथे, सबंध रक्तात सुरू करून देते. फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि मग रक्त गोठेनासे होते.

दुसरा मदतनीस तर आपल्या अंगणातलाच. साधा कापूस शरीरात राहिला तर पचत नाही. मात्र त्यातील सेल्युलोजचे विशिष्ट प्रकारे ऑक्सिडीकरण केले की तो शरीरात हळूहळू विरघळतो आणि रक्तही थांबवतो. अमेरिकेतील डॉ. व्हर्जिनिया फ्रँट्झ यांनी १९४३ मध्ये अशा विरघळणाऱ्या कापसाचा शस्त्रक्रियेतील उपयोग मांडला. याच जातीच्या सेल्युलोजच्या कापडाची गुंडाळी पुष्कळ शल्यविशारद मूत्रपिंडाच्या खाचेत ठेवून वरून टाके आवळतात. 'पांढरे सोने' पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील किती शाळांत हे सांगितले जाते कोण जाणे!

आता थोडे गणित. रक्ताचा १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे पाण्याचा सुमारे १.६ मीटर उंच स्तंभ. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६० ग्रॅम वजनाइतका रेटा. एक मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिनीच्या तोंडावर हा रेटा सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतो. डिंकाचा पापुद्रा तो सहज सोसतो. पण रक्त पापुद्र्याखाली शिरून चार चौरस सेंटिमीटर पसरले, तर तोच दाब साडेसहाशे ग्रॅमपर्यंतचा रेटा देऊ शकतो. दाब बदलला नाही, क्षेत्रफळ वाढले! बारीक पाझराला डिंक आणि मोठ्या वाहिनीला टाका, हा नियम या हिशेबातूनच निघतो. मूत्रनलिका उघडली असेल तर टाका आणखीच आवश्यक, कारण मूत्रातील युरोकायनेज हे विकर फायब्रिनचे जाळे विरघळविण्यास हातभार लावते.

माझ्या दृष्टान्ताला एके ठिकाणी मुरड घालावी लागते, तीही सांगतो. जिलेटिनचे कण आणि थ्रॉम्बिन यांचा लगदा ओल्या जखमेवरच चालतो. त्याला लागणारे फायब्रिनोजेन तो वाहत्या रक्तातून घेतो. पण तोही फुगून दाब देतो आणि त्यावर काही मिनिटे ओला बोळा दाबून धरावा लागतो.

हे डिंक महाग असतात आणि त्यांपैकी काही अतिशीत पेटीत जपावे लागतात. टाके नीट घातले असता डिंकावाचूनही निकाल सारखेच येतात, असे काही पाहण्यांत दिसले आहे. तेव्हा जिल्ह्याच्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया व्हाव्यात असे वाटत असेल, तर पहिला पैसा वीस मिनिटांत शिवणारे हात तयार करण्यावर खर्च व्हावा. डिंकाची कुपी त्यानंतर आली तरी चालेल.

ठिगळ बसल्यावर दुकानदार ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे येतात का ते पाहतो. शल्यविशारदही शेवटी चिमटा काढतो, रक्तदाब पूर्ववत झाला की नाही हे विचारतो आणि पोट शिवण्यापूर्वी काही मिनिटे त्या जखमेकडे नुसता पाहत राहतो.