डिटेक्टर घेतला, सेलचे काय?

26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत आणि पाठोपाठ राज्यभर मेटल डिटेक्टर रोजच्या जगण्याचा भाग झाला. मॉलचे दार, सिद्धिविनायकाची रांग, गणपतीचा मोठा मांडव, ‘नीट’चे परीक्षा केंद्र, नेत्यांची सभा, कुठेही जा, तपासणाऱ्याच्या हातात ती काळी दांडी असते. दारातल्या चौकटीला विजेचे कनेक्शन मिळते. हातातले यंत्र मात्र बहुतेक ठिकाणी नऊ व्होल्टच्या एका चौकोनी सेलवर चालते. यंत्र घेताना कोटेशन मागवतात, वॉरंटी बघतात, प्रात्यक्षिक घेतात. सेलचा विचार त्यात कुठेच नसतो. तो संपला की सुपरवायझर किरकोळ खर्चातून जवळच्या दुकानात मिळेल तो आणतो, आणि किरकोळ खर्चाची पावती कोण मंजूर करणार हे नक्की नसेल तर तोही आणला जात नाही. रोज वापरात असलेल्या हँड डिटेक्टरसाठी रिचार्जेबल सेलच घ्यावा, तो निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचा आणि चार्ज धरून ठेवणारा असावा, आणि ही निवड यंत्राच्या खरेदीबरोबरच लेखी व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

एवढ्याशा सेलवर इतका खल कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर यंत्राच्या कामातच आहे. दांडीच्या पात्यात तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला की त्या धातूत छोटे प्रवाह उमटतात आणि त्यांचा परिणाम वेटोळ्यावर होतो. हा परिणाम फार सूक्ष्म असतो. तो ओळखायचा तर सर्किटला स्थिर व्होल्टेज लागते. चांगल्या यंत्रात त्यासाठी रेग्युलेटर असतो, पण सेलचे व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की त्याचाही इलाज चालत नाही. मग पट्ट्याचे मोठे बक्कल सापडते आणि लहान पाते सुटते. टॉर्चचा सेल उतरला की उजेड पिवळा पडतो आणि ते कुणालाही दिसते. डिटेक्टरचे तसे नाही. माणसाकडे धातू नसल्यावर यंत्र जसे गप्प राहते, तसेच ते सेल उतरल्यावरही गप्प राहते. म्हणून इथे सेलची निवड हा सुरक्षेचाच प्रश्न आहे.

आता व्होल्टेजचा हिशेब, कारण खरी गफलत तिथेच होते. साध्या झिंक-कार्बन किंवा अल्कलाइन चौकोनी सेलच्या आत दीड व्होल्टचे सहा घटक असतात, म्हणून नऊ. निकेल-मेटल हायड्राइडचा एक घटक 1.2 व्होल्टचा. बाजारात ‘9 व्होल्ट’ म्हणून विकले जाणारे असे सेल आतून तीन तऱ्हांचे असतात: सहा घटकांचे 7.2 व्होल्टचे, सात घटकांचे 8.4 व्होल्टचे आणि आठ घटकांचे 9.6 व्होल्टचे. वेष्टनावर मोठ्या अक्षरात नऊच असते, खरा आकडा बारीक टाइपात. समजा, यंत्राचा ‘बॅटरी लो’चा लाल दिवा सात व्होल्टला लागतो. सहा घटकांच्या सेलमध्ये तेव्हा प्रत्येक घटक जवळपास 1.17 व्होल्टवर असतो, म्हणजे अजून बराच चार्ज शिल्लक असतो. दिवा लवकर लागतो, गार्ड वैतागतो आणि ‘रिचार्जेबल टिकत नाही’ असा शिक्का बसतो. सात घटकांच्या सेलमध्ये सात व्होल्ट म्हणजे घटकामागे बरोबर एक व्होल्ट, आणि हा घटक रिकामा झाल्याचाच आकडा आहे. आठ घटकांचा सेल पूर्ण चार्ज झाल्यावर अकरा व्होल्टच्या आसपास जातो. ते यंत्राला मानवेल की नाही हे उत्पादकाला विचारल्याशिवाय तो लावू नये. शिवाय सात व्होल्टला दिवा लागेपर्यंत त्याचे घटक मर्यादेपलीकडे उतरलेले असतात, आणि असे वारंवार झाले की त्यातला सर्वांत अशक्त घटक आधी मरतो. एकंदरीत सात घटकांचा, 8.4 व्होल्टचा सेलच योग्य.

पण त्याचीही एक खोड आहे. अल्कलाइनचे व्होल्टेज हळूहळू उतरते, त्यामुळे लाल दिवा लागल्यावरही थोडा वेळ हातात असतो. निकेल-मेटल हायड्राइडचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तपासणीसाठी हे सपाटपण चांगले, कारण शिफ्टभर यंत्र सारखेच संवेदनशील राहते. इशारा मात्र उशिरा मिळतो. त्यामुळे दिव्याची वाट न पाहता घड्याळ बघून सेल बदलावा लागतो. समजा यंत्र दहा मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि सेल दोनशे मिलिअँपिअर-अवरचा आहे. हिशेबाने वीस तास होतात. सतत बीप आणि कंपन असेल तर कमी. म्हणजे आठ तासांची एक शिफ्ट निर्धास्त, दुसरी जेमतेम. दर शिफ्टला सेल बदलायचा हा नियम त्यातूनच येतो.

लिथियम-आयन का नको, हा आक्षेप रास्त आहे. मोबाइलमुळे लोकांचा त्यावर विश्वास आहे आणि यूएसबीची वायर लावून चार्ज होणारे नऊ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. त्यातल्या अनेकांत व्होल्टेज नऊवर राखणारे छोटे स्विचिंग सर्किट असते. ते अतिशय वेगाने चालू-बंद होत असते आणि त्यातून विद्युत गोंगाट निर्माण होतो. रिमोटला किंवा घड्याळाला त्याने काही होत नाही. पण डिटेक्टरचे कामच सूक्ष्म विद्युत फरक ऐकण्याचे आहे. त्याच्याच पोटात असा गोंगाट ठेवला तर यंत्र उगाच वाजू शकते किंवा त्याची संवेदनशीलता घटू शकते. दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. असा सेल शेवटच्या क्षणापर्यंत नऊ व्होल्ट देतो आणि मग एका झटक्यात बंद होतो. लाल दिवा लागतच नाही. उत्पादकाने स्वतः यंत्रात बसवून दिलेली लिथियम बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी, ती त्या सर्किटला धरूनच बनवलेली असते. बाहेरून आणून घातलेल्या सेलची तशी हमी कोण देणार?

खर्चाचा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि सर्वांत लवकर सुटतो. एका रिचार्जेबल सेलच्या किमतीत साधे दहा-बारा सेल येतात असे धरू, वर चार्जरही घ्यावा लागतो. तरी नीट वापरलेला रिचार्जेबल सेल काहीशे वेळा चार्ज होतो. रोज चालणाऱ्या यंत्रावर ही रक्कम काही महिन्यांत वसूल होते. सेल चोरीला जातात ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय नोंदवहीचा. सेलवर नंबर टाकावा, शिफ्ट सुरू होताना सही घेऊन द्यावा, संपताना परत घ्यावा. वॉकी-टॉकीच्या बाबतीत हे होतेच.

काही ठिकाणी मात्र मी साध्या अल्कलाइनचीच शिफारस करेन. गावची जत्रा वर्षातून तीन दिवस असते आणि यंत्र उरलेले वर्ष कपाटात पडून राहते. जुन्या पद्धतीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता ठेवला तरी महिन्याभरात पाव हिस्सा चार्ज गमावू शकतो, विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. सान्योने 2005 साली ‘एनेलूप’ आणल्यापासून वर्षभर बराचसा चार्ज धरून ठेवणारे सेल मिळू लागले. रोजच्या वापराला तेच घ्यावेत. जत्रेपुरत्या यंत्राला मात्र ताजा अल्कलाइन बरा, फक्त काम संपल्यावर तो आठवणीने काढून ठेवावा. यंत्रात विसरलेला अल्कलाइन पुढेमागे गळतो आणि त्यातला क्षार संपर्कपट्ट्या खाऊन टाकतो. पाकीटबंद अल्कलाइनचा छोटा साठा आणीबाणीसाठी प्रत्येक चौकीत असावाच.

चार्जिंगची शिस्त लावली नाही तर चांगला सेलही फुकट जातो. साधा चार्जर चौदा-सोळा तास घेतो, म्हणून यंत्रामागे किमान दोन सेल हवेत आणि दोन शिफ्ट चालत असतील तर तीन. काही डिटेक्टरना थेट चार्जिंगची पिन लावायची सोय असते. अशा यंत्रात कुणी घाईत साधा सेल घातला आणि दुसऱ्याने रात्री पिन लावली, तर तो सेल गळू शकतो, फुटूही शकतो. या यंत्रांवर ‘साधा सेल घालून चार्ज करू नये’ अशी मराठीत ठसठशीत चिठ्ठी लावावी. आणि शिफ्ट सुरू होताना ठरावीक धातूचा तुकडा ठरावीक अंतरावर धरून यंत्र वाजते का ते बघावे, वेळेसकट वहीत लिहावे.

वापरून संपलेले सेल कचऱ्याच्या बादलीत टाकायचे नाहीत, वेगळे जमा करायचे, हे 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले आहे. ते परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी त्याच नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

देवस्थानांचे विश्वस्त, महापालिकांचे सुरक्षा अधिकारी, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे. पुढच्या खरेदीच्या कागदावर यंत्राच्या खाली एक ओळ वाढवा: यंत्रामागे 8.4 व्होल्टचे, चार्ज धरून ठेवणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल दोन, आणि त्यांना जुळणारा चार्जर. पुरवठादार ‘कुठलाही सेल चालतो’ म्हणाला, तर ते त्याच्याकडून लिहून घ्या.