जमा, खर्च आणि विरोधी बाक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लोणावळ्याच्या बाजारपेठेत अजूनही नवी वही पुजतात. हिशेब संगणकावर गेले, बिले मोबाइलवर गेली, तरी चिक्कीच्या दुकानापासून भुसाराच्या दुकानापर्यंत हळदकुंकू लावलेली एक लाल वही गल्ल्याशेजारी असतेच. वर्षभरात पैसा कुणाकडून आला आणि कुणाकडे गेला, हे एका जागी उघडून बघायची ही जुनी शिस्त आहे. सरकारच्या वहीला ही शिस्त लावायची जबाबदारी लोकशाहीत विरोधी बाकांवर असते. यंदाचा अंक त्या बाकांविषयी आहे.

कारण यंदा ते बाक फार मोकळे दिसतात. 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेता नेमला गेलेला नाही. विधान परिषदेतल्या विरोधी पक्षनेत्याची मुदत ऑगस्ट 2025 च्या अखेरीस संपली आणि दोन्ही सभागृहांतली खुर्ची एकाच वेळी रिकामी झाली. आपल्या दारात तर परिस्थिती याहून वाईट होती. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे या नगरपरिषदा आणि पुणे जिल्हा परिषद 2022 पासून प्रशासकांच्या हाती होत्या. कार्ल्याचे किंवा टाकवे बुद्रुकचे प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. साडेतीन वर्षांहून अधिक काळ तिच्या अंदाजपत्रकावर एकाही निवडून आलेल्या माणसाने उभे राहून प्रश्न विचारला नव्हता. अंदाजपत्रक तयार झाले, मंजूरही झाले. तयार करणारा आणि मंजूर करणारा एकच होता.

विरोधक म्हणजे सभात्याग, घोषणा आणि पायऱ्यांवरची फलकबाजी, असे चित्र दूरचित्रवाणीने आपल्या मनात पक्के केले आहे. त्यावर उतारा म्हणून आम्ही या अंकासाठी जुन्या मुंबई विधिमंडळाची कामकाजपत्रे पुन्हा वाचायला घेतली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपाशी थांबलो. मावळाला त्यांचा शेजार आहे. तळेगावात त्यांचा बंगला आहे आणि देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मात्र ज्या आंबेडकरांबद्दल आम्हाला बोलायचे आहे ते त्याआधीचे, पस्तिशी-चाळिशीतले, कराचे आकडे हातात घेऊन उभे राहणारे आमदार आहेत.

1927 साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात आले तेव्हा ते सरकारनियुक्त सभासद होते. पाठीशी पक्ष नव्हता, मतांची बेरीज नव्हती. नियुक्ती सरकारची असली तरी 24 फेब्रुवारीला अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी थेट सरकारच्या करपद्धतीलाच हात घातला. ज्याला वर्षात उत्पन्न झाले नाही त्याला आयकर नाही. पण शेतकऱ्याने शेतसारा भरायचाच, पीक येवो की जावो. त्या काळी वर्षाला 2,000 रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्याला आयकर लागत नसे. शेताच्या एका तुकड्यावर जगणाऱ्याला मात्र अशी कोणतीही रेषा नव्हती. भातखाचरावर पोट असलेल्या मावळातल्या कुळंब्याला हा अन्याय कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कौन्सिलात तो कराच्या भाषेत मांडणारा माणूस हवा होता.

पुढच्याच महिन्यात, 12 मार्चला, शिक्षणाच्या मागणीवर त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी 2.17 रुपये वसूल करते. त्यांची मागणी सरळ होती: लोकांकडून दारूपायी जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. वहीची एक बाजू वाचणारे पुष्कळ असतात. जमेची ओळ खर्चाच्या ओळीशेजारी आणून मंत्र्याला उत्तर मागणे, हे विरोधकाचे खरे कसब.

कायद्याकडेही ते याच नजरेने बघत. 28 जुलै 1928 रोजी पावसाळी अधिवेशनात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठीचे प्रसूती लाभ विधेयक चर्चेला आले. ही अधिवेशने पुण्यात भरत आणि मुंबईचे सभासद बोरघाट चढून, लोणावळ्यावरून पुढे जात. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, असे त्यांनी मांडले. तिथेच न थांबता त्यांनी पैशाचा प्रश्न काढला. लोककल्याण हे मुळात सरकारचे काम, तेव्हा या खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलायला हवा. तरीही सरकार पुढे येत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडता येत नाही, कारण बाईच्या श्रमाचा नफा त्याच्या पदरात पडतो. 1929 साली हा कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला.

1937 नंतर चित्र बदलले. काँग्रेसचे बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे गेले आणि आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार घेऊन विरोधी बाकांवर बसले. आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर या एकाच मंत्र्याकडे होती. दारूच्या पैशावर नजर ठेवणारा आणि रुग्णालयांना पैसा देणारा माणूस एकच, हा योगायोग आजच्या वाचकालाही विचारात पाडेल. 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबईत दारूबंदी आली आणि बुडणारा अबकारी महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर 10 टक्के कर बसला. दारूबंदीला गांधीजींचा आशीर्वाद होता आणि तिच्याविरुद्ध बोलणे लोकप्रिय नव्हते. आंबेडकरांनी तरी अग्रक्रमाचा प्रश्न विचारला: महसुलावर पाणी सोडायची आणि नवे कर बसवायची तयारी असेल, तर पहिला हक्क शिक्षणाचा आणि आरोग्याचा का नाही? त्याआधी, 10 नोव्हेंबर 1938 रोजी, त्यांच्याच पक्षाच्या पी. जे. रोहमांनी संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण आंबेडकरांचे होते. तो ठराव पडला. विरोधकाचे पुष्कळसे काम असे पडते. त्या दिवशी सभागृहाने नाकारलेले कुटुंबनियोजन 1952 साली भारत सरकारचा कार्यक्रम झाले.

या भाषणांकडे भक्तिभावाने बघून अंक मिटायचा नाही. त्यांतला एकेक प्रश्न आज विचारायचा आहे. जून 2025 मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि दारूवरच्या नव्या दरांतून वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज दिला. 14 जुलैला राज्यातल्या परमिट रूमवाल्यांनी करवाढीविरुद्ध बंद पाळला. शनिवार-रविवारी लोणावळ्यात येणाऱ्या गर्दीचा विचार केला, तर या जादा महसुलात आपल्या घाटमाथ्याचा हिस्सा लहान नसणार. हॉटेलवाल्यांनी आपले म्हणणे मांडले, तो त्यांचा हक्क आहे. यातले किती रुपये आरोग्य केंद्रांकडे येणार, हे आकड्यात सांगा, असे मात्र कुणी सरकारला धरून विचारले नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. मध्यमवर्गाला दिलासा मिळाला, त्याचे स्वागतच आहे. पण आंदर मावळात खांडीच्या बाजूला भातकापणीला जाणाऱ्या मजूर बाईकडे हप्ताच नाही, तर सवलत कुठली? तिच्यासाठी वाडीपासून उपकेंद्रापर्यंतचा रस्ता, तिथली परिचारिका आणि सर्पदंशाची लस हाच विमा आहे. करात सोडलेला पैसा आणि तिच्यापर्यंत पोचणारा पैसा यांचा मेळ घालणे हेच विरोधी बाकाचे काम आहे.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 2020 पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितले होते. महाराष्ट्र अजून त्याच्या बराच खाली आहे. खासगी दवाखान्यांवर देखरेख ठेवणारा आपला मुख्य कायदा 1949 चा आहे. 2010 चा केंद्रीय कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. 2021 साली नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद आली. पण नियम पाळले जातात की नाही हे तपासायला माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. आरोग्याच्या कायद्यामागे अर्थसंकल्पाची ओळ नसेल तर तो भिंतीवरच्या फलकापुरताच उरतो. हे 1928 साली खरे होते, आजही आहे.

म्हणून या अंकात तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांच्या औषधपाण्याचा शोध आहे, पवन मावळातल्या आशाताईंच्या मुलाखती आहेत, नगरपरिषदेचे अंदाजपत्रक कसे वाचावे याचा सोपा पाठ आहे, आणि दिवाळी आहे म्हणून कथा, कविता, व्यंगचित्रे आणि लोहगडाच्या पायथ्याची भटकंतीही आहे. 

सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरकायला सांगितले होते. निवडणूक आली की फराळाच्या ताटाभोवती उमेदवार येतील, फटाके वाजतील, भेटवस्तूही येतील. सत्तेत कोण बसणार याची चर्चा आपण चवीने करूच. एक प्रश्न मात्र येणाऱ्या प्रत्येकाला विचारू या: हरलात, विरोधात बसलात, तर आरोग्य केंद्राच्या अंदाजपत्रकातली कोणती ओळ वाचून दाखवाल? ज्याच्याकडे याचे उत्तर असेल, त्याचा पक्ष कोणताही असो, तो सभागृहात जायला हवा.

सर्व वाचकांना दीपावलीच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तब्येतीला जपा, आणि हिशेब मागत राहा.

– संपादक